अत्यावश्यक अल्बम क्रमांक एक ते पंचवीस

बसा निवांत. घाई असेल तर ही गोष्ट तुमच्या कामाची नाही, कारण हिच्यात एक समिती आहे, आणि समिती आली की घाईनं काही होत नसतं. गोष्ट तशी साधी. नगरपालिकेच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर एक संगीतकक्ष होता. त्यात चारशे बारा अल्बम होते आणि ते सांभाळणारा एक माणूस होता. माणसानं कधी कुणाला त्रास दिला नाही. जे झालं ते अल्बमांवरून झालं.

त्या माणसाला सगळे सुईवाला म्हणायचे. टेलर नव्हे, कंपाउंडरही नव्हे. रेकॉर्डवर सुई ठेवायची, गाणं संपलं की उचलायची, एवढंच त्याचं काम, आणि ते तो असं करायचा की जणू झोपलेल्या बाळावर पांघरूण घालतोय. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून एका रेकॉर्डवर ओरखडा उठला नाही.

ते चारशे बारा अल्बम सगळे इंडी रॉकचे. म्हणजे काय, तर गिटार-ड्रम घेतलेली चार टाळकी मोठ्या कंपनीच्या दारात जात नाहीत. गाणी स्वतःच भरतात, स्वतःच विकतात, आणि बहुतेक वेळा स्वतःच विकत घेतात. एका हौशी दुकानदारानं दुकान बंद करताना सगळे वाचनालयाला देऊन टाकले होते.

त्यातला एक अल्बम मात्र सुईवाल्याच्या घरचा होता. त्याचा थोरला भाऊ, दादा, लिफ्ट दुरुस्त करायचा. तरुणपणी त्याचा एक बँड होता. स्टुडिओ परवडेना, पण सातमजली इमारतीच्या जिन्यात आवाज काय घुमतो हे दादाला धंद्यामुळे ठाऊक होतं. मग त्यानं एका रविवारी तिथली लिफ्ट ‘दुरुस्तीसाठी’ बंद केली, म्हणजे मोटारीची घरघर नको, आणि चौघांनी जिन्यात बसून अख्खा अल्बम भरला. नाव ठेवलं ‘जिना धुतलाय’. तिसऱ्या गाण्यात मध्येच एक बाई धापा टाकत म्हणते, “लिफ्ट कधी चालू होणार हो?” आणि दादा सूर न सोडता गाण्यातच उत्तर देतो, “होईल, मावशी, होईल.” छापून घेतलेल्या दोनशे प्रती ड्रमवाल्याच्या तळघरात पाणी शिरून गेल्या. उरली एकच, वाचनालयातली.

पुढं दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता तो खिशातल्या वहीत लिहून बोलतो. गोष्ट एवढ्यावर दुःखाची झाली असती, पण दादाला एक नात आहे, आणि ती दुःख करू देत नाही. ती एक दिवस म्हणाली, “आजोबा गायचे? काहीतरीच. आजोबांना तर बोलता पण येत नाही.”

दादानं वहीत लिहिलं, “हिला ऐकवायचं.”

“मोबाईलवर भरून आणू का?” सुईवाला म्हणाला.

दादानं लिहिलं, “डब्यातला आवाज नको. खोलीत बसून. सुईखाली.”

पण कक्षाच्या दारावर पाटी होती: पाच वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. सुईवाला नियमाचा माणूस. नात पाच वर्षांची व्हायला तीन आठवडे होते. थांबू म्हणाले. आणि त्या तीन आठवड्यांत आदेश आला.

आदेश असा, की कार्यालयात फायली ठेवायला कपाट कमी पडतंय, सबब संगीतकक्षातलं एक कपाट रिकामं करावं. इंडी रॉकमधले अत्यावश्यक अभिजात अल्बम पंचवीस निवडून ठेवावेत, बाकीचे निर्लेखित करावेत. निर्लेखित म्हणजे भंगारात, पण सही करून. यासाठी त्रिसदस्यीय समिती नेमली. अध्यक्ष पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले अभियंता. दुसऱ्या सदस्य दातांच्या डॉक्टरीणबाई, कारण त्यांच्या दवाखान्यात संगीत लावलेलं असतं. तिसरा तज्ज्ञ. त्याला दाढी होती, आणि ज्या बँडचं नाव कुणाला माहीत नाही त्याचा बनियन होता.

पहिल्याच बैठकीत सुईवाला म्हणाला, “साहेब, मी हे सगळे ऐकलेत. सव्वीस वर्षं. काही मदत लागली तर...”

“ऐकलेत?” अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. “सगळे?”

“हो साहेब.”

“मग तुम्ही आत कसे? पेपर तपासणाऱ्यानं विद्यार्थ्याला ओळखता कामा नये. ज्यानं अल्बम ऐकला त्याचं मत झालं. ज्याचं मत झालं तो निःपक्षपाती कसा राहणार? तुम्ही फक्त कव्हरं आणून द्या, आणि देताना चेहरा कोरा ठेवा.”

असा नियम क्रमांक एक ठरला: सदस्यानं कुठलाही अल्बम ऐकलेला नसावा. अध्यक्षांनी आणि डॉक्टरीणबाईंनी तशी प्रतिज्ञापत्रं आनंदानं दिली. दाढीवाला तज्ज्ञ मात्र घाम पुसू लागला. गेली बारा वर्षं तो या अल्बमांवर व्याख्यानं देत होता.

“मी तर हे कोळून प्यायलोय,” तो म्हणाला.

“मग राजीनामा द्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तज्ज्ञानं अध्यक्षांना दाराबाहेर नेलं. दोन मिनिटांनी दोघं आत आले. त्याचंही प्रतिज्ञापत्र झालं, एकसुद्धा अल्बम ऐकलेला नाही असं, फक्त त्याच्या विनंतीवरून ते गोपनीय पाकिटात ठेवलं. सुईवाल्यानं चेहरा कोरा ठेवला. जड गेलं त्याला.

मग ‘अभिजात’ म्हणजे काय ते ठरलं. वीस वर्षं जुना, आणि ओरखडा नसलेला.

“ज्यावर ओरखडा तो वापरलेला,” डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून सांगितलं. त्यांना ते जमायचं. “कीड इथूनच सुरू होते.”

“बाई, पण लोक घरी नेऊन ऐकतात. आवडलेलाच अल्बम झिजतो,” सुईवाला कव्हर पुढं करत म्हणाला.

“झिजलेली दाढ मी ठेवते का? काढते.”

लोकांनी जीव टाकून ऐकलेले दोनशे नव्वद अल्बम त्या दुपारी गेले. लाडक्या रेकॉर्डी होत्या त्या. कुणी त्यांच्या जिवावर लग्न जमवलं होतं, कुणी मोडलेलं विसरलं होतं.

पुढं तज्ज्ञानं मुद्दा काढला, की जो अल्बम लोकांनी जास्त नेला तो लोकप्रिय, आणि लोकप्रिय असेल तर इंडी कसला. अध्यक्षांना पटलं. नेण्या-आणण्याची वही मागवली. ज्याच्या नावापुढं एक जरी नोंद, तो बाद. ‘जिना धुतलाय’पुढं नोंद नव्हती, कारण सुईवाल्यानं ती एकुलती प्रत कधी कक्षाबाहेर जाऊच दिली नव्हती. उरले सदतीस.

“आता हे खरोखर स्वतंत्र आहेत याचा पुरावा?” अध्यक्ष म्हणाले. “उद्या ऑडिट विचारेल.”

सदतीस अल्बमांच्या कव्हरांवर जे पत्ते होते तिथं पत्रं गेली: आपण कुठल्याही कंपनीच्या अखत्यारीत नाही असं कंपनीच्या छापील कागदावर, शिक्क्यासह कळवावं. छत्तीस उत्तरं आली. अध्यक्षांनी ती नीट लावली आणि म्हणाले, “ज्यांच्याकडं छापील कागद आणि शिक्का आहे, त्यांची कंपनी आहे. ज्यांची कंपनी आहे ते स्वतंत्र नाहीत.” छत्तीस बाद. सदतिसावं पत्र ‘सदर पत्त्यावर फक्त जिना आहे’ असा शेरा घेऊन परत आलं.

सुईवाल्यानं हातातलं कव्हर बाहीनं पुसलं. दादाचा अल्बम वाचला होता.

“पण साहेब, निवडायचेत पंचवीस,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“पदं पंचवीस मंजूर आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “पात्र उमेदवार एक. रिक्त ठेवली तर पदं परत जातील. तेव्हा पंचवीसही जागांवर हाच.”

यादी छापून आली. एक ते पंचवीस, सगळीकडं ‘जिना धुतलाय’. आणि बाकीचे चारशे अकरा टेंपोत भरले. सुईवाला टेंपोमागं कोपऱ्यापर्यंत चालत गेला, का ते त्यालाही माहीत नाही.

त्याला वाटलं होतं लोक चिडतील. लोक चिडलेच. एक गट म्हणाला, तो चौथ्या क्रमांकावर हवा होता, समितीनं नवव्यावर टाकून अन्याय केला. दुसरा म्हणाला, एकोणिसाव्याला जे स्थान दिलंय ते फॅशनपोटी. कॉलेजवाल्यांनी जिन्याचं चित्र छापलेले बनियन काढले. न्हाव्याच्या दुकानात वाद इतका पेटला की एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली.

“तू ऐकलायस का?” सुईवाल्यानं न्हाव्याला विचारलं.

“मला विचारतोस? अरे, मी त्या दिवशी जिन्यातच होतो,” न्हावी म्हणाला. “तिसऱ्या पायरीवर.”

अशी जिन्यात हजर असलेली माणसं सुईवाल्यानं पुढच्या महिन्यात मोजली. अकराशेवर गेल्यावर सोडून दिलं. एवढी मंडळी खरंच आली असती तर इमारत बसली असती.

नात पाच वर्षांची झाली. नवा फ्रॉक घालून, दादाचं बोट धरून ती कक्षात आली. अल्बम काचेच्या पेटीत होता, चार कोपऱ्यांना स्क्रू. खाली पाटी: अत्यावश्यक. वाजवू नये.

सुईवाल्यानं अध्यक्षांना गाठलं. “साहेब, एकदाच. पोरीला आजोबांचा आवाज ऐकवायचाय.”

“सुई टेकवली की ओरखड्याचा धोका. ओरखडा उठला की अभिजात राहत नाही. मग यादीत काय ठेवू, पंचवीस मोकळ्या ओळी?” अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. त्यांनी नियमावली उघडली. “मात्र सोय आहे. नियम चौदा. समिती सोडून शहरात एक जरी सज्ञान नागरिक निघाला, की ज्यानं अल्बम ऐकलेला नाही, तर त्याच्यासाठी एक जाहीर वादन घ्यावंच लागतं. अर्ज करा. आम्ही घरोघर विचारू.”

“एकच पुरे?”

“एकच.”

सुईवाला हसला. एवढ्या मोठ्या शहरात? तो अख्खा रस्ता हसत घरी गेला, आणि दादानं वहीत लिहिलं, “पोरीसाठी पुढची खुर्ची ठेव.”

पाहणी झाली. प्रश्न एकच: आपण ‘जिना धुतलाय’ ऐकला आहे काय. शहरातल्या झाडून सगळ्या घरांनी सांगितलं, हो. जे बहिरे होते त्यांनी सांगितलं, आमच्या काळात ऐकलाय. निकाल आला: नागरिकांनी अल्बम शंभर टक्के ऐकलेला असल्यानं वादनाची गरज नाही. अर्ज फेटाळला.

दुसऱ्यांदा अर्ज केला. या वेळी सुईवाला आधी घरोघर फिरला, हात जोडून. शेजारच्या काकू म्हणाल्या, “नाही म्हणेन रे, त्यात काय.” पाहणीवाली बाई दारात आली, समोरच्या बाल्कनीत विहीण उभी होती, आणि काकू म्हणाल्या, “ऐकलाय म्हणजे काय, पाठ आहे.” दुसरा अर्जही गेला.

“वहिनी तरी?” सुईवाल्यानं दादाला विचारलं.

दादानं लिहिलं, “ती त्या जिन्यात खरंच होती. चहा आणून द्यायची.” आणि खाली लिहिलं, “खरं बोलणारी तेवढी एकच निघाली.”

सुईवाल्यानं ऐकलेला, दादानं गायलेला, नात सज्ञान नाही. वर तिच्या शाळेत ‘माझा आवडता अल्बम’ असा निबंध होता. पाच वाक्यं. वर्गातल्या सगळ्यांनी हाच घेतला. नातीला दहापैकी सर्वांत कमी गुण पडले, कारण तिनं एकच वाक्य लिहिलं: मी तो अजून ऐकला नाही. बाईंनी लाल पेननं शेरा मारला: तयारी कमी.

आता तिसरा अर्ज आहे, आणि शेवटचा. तीनदा फेटाळला की पेटीचे स्क्रू काढून कोपरे कायमचे झाळून टाकतात, मग ती उघडत नाही. शनिवारी पाहणीवाली बाई तुमच्या गल्लीत येतेय, दुपारी, लोक दारात असतात तेव्हाच. मघाशी मी तिसऱ्या गाण्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही “हां, ते तर भारीच आहे” म्हणालात. मी पुढं सांगत राहिलो. बोलत्या माणसाला आपण टोकत नाही, आणि तुम्ही पाहुणे.

पण एवढं करा. ती विचारेल तेव्हा समोरची मंडळी बघत असतील, तुमच्या पोराच्या अंगात तो जिन्याचा बनियन असेल. असू द्या. एकदाच, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तिला म्हणा: नाही, मी ऐकलेला नाही.