कच्चा टाका

आमच्या सौंसरात कमरेचं माप गुप्त ठेवायचं असेल, तर देवरावजी शिंप्याकडे पँट शिवायला टाकू नये. टेप कमरेला लावला की ते आकडा असा पुकारतात, की समोरच्या पोहेवाल्यालाही तो पाठ होतो. "चाळीस! गुरुजी, मागच्या साली अडतीस होते. काय खाऊन राहिले?"

मी शाळामास्तर. पोरांचे मार्क मीही भर वर्गात वाचून दाखवतो, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.

त्यांच्या अटी दोन. तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी ठेवायला आतला चोरखिसा ते शिवत नाहीत. आणि आवळ झालेली पँट ढिली करून देत नाहीत. "कापड आहे आत, पण उसवत नाही. कमर वाढली का दिलावर बोजा पडते. मोहगावच्या रस्त्यानं रोज पायी जा, पँट आपोआप ढिली होते." गिऱ्हाईक चिडून रेडिमेडच्या दुकानाकडे निघालं, तर हे दारात उभे राहून त्याला तिथं कोणता नंबर मागायचा तेही ओरडून सांगतात.

मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं, तेव्हा मी माझी ठेवणीतली पँट घेऊन त्यांच्याकडे गेलो. बटण लागत नव्हतं. "एवढ्या वेळी द्या ढिली करून," मी गयावया केली. नाही म्हणजे नाही. वाद घालता घालता मला दरदरून घाम फुटला, छातीवर कोणी बसल्यासारखं झालं, डावा हात भरून आला.

"गॅस झाला असेल," मी म्हणालो. पोहेवाला लगेच सोड्याची बाटली घेऊन धावला.

देवरावजींनी ती हिसकावून नालीत ओतली. "गॅस नोका म्हणू," एवढंच बोलले. ऐन लगनसराईत मशीन तशीच सोडून, मला एक पाऊल चालू न देता, त्यांनी ऑटोत घातलं आणि सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, हार्टअटॅक आहे, वेळेत आणलंत. तिथून मला नागपूरला नेलं. वाचलो. पण त्या खाटेवर पडल्यापडल्या मी जाम घाबरलो होतो. पोरीच्या लग्नातली माझी रिकामी खुर्चीच सारखी डोळ्यांपुढे येत होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी देवरावजी घरी आले. टेप गळ्यातच, हातात माझी पँट. घालून पाहिली तर बटण लागलं. मी चाटच पडलो.

ते खाली मान घालून बसले होते. "दादा माह्या दुकानातच गेला, गुरुजी. तुमच्यासारखाच गॅस म्हणत होता. मीच सोडा पाजला अन् निजवून देलं." पुढे म्हणाले, "दरसाली त्याची पँट मीच ढिली करून देत होतो. मोठा भाऊ, नाही कसं म्हणू? आतलं सारं कापड सरलं, तरी काही बोललो नाही."

मी उगाच पँट काढून उलटी केली. कमरेची शिवण पांढऱ्या दोऱ्यानं, लांब लांब टाक्यांनी घातली होती.

"कच्चा टाका आहे," ते म्हणाले. "लग्नापुरता. दोन महिन्यांनी उसवून आत घेतो." मग टेपाचं टोक बोटाला गुंडाळत, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "दादाची पक्की शिवत होतो. तुम्ही उसवायले येजा मात्र."