पाण्याचा ठाव घेणारा दौलू

दौलू ड्रायव्हर सांगलीतल्या माणसांना नावानं ओळखत नसे, त्यांच्या दारात पुराचं पाणी कुठवर चढतं त्यावरून ओळखत असे. मारुती चौकातले कापडवाले त्याच्या लेखी ‘छातीएवढं’. पेठेतले वैद्य ‘घोट्याएवढं’. मी गावभागात एका बोळात भाड्यानं राहत होतो आणि शाळेत भूगोल शिकवत होतो. पण माझा पत्ता ऐकून दौलूनं पहिल्याच भेटीत मान डोलावली आणि म्हणाला, “म्हंजी तुमी कमरंएवढं मास्तर.” तेव्हापासून मी कमरेएवढाच राहिलो. एकदा तर हेडमास्तर बरोबर असताना त्यानं रस्त्याच्या पलीकडून “ओ कमरंएवढं!” अशी खणखणीत हाक मारली. हेडमास्तर अंगानं अंमळ बुटके. हाक आपल्यालाच आहे, असं समजून त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

दौलू मूळचा लोणंदकडचा. लढाईत फौजेच्या मोटारी चालवायला पार इटलीपर्यंत जाऊन आला होता. परतल्यावर एका हळदीच्या व्यापाऱ्यांच्या मोटारीवर राहिला. त्यांना सगळे आण्णा म्हणत. आण्णांना मोटार असण्याची हौस होती, पण मोटारीत बसण्याची भीती. त्यामुळे गाडी बहुतेक वेळ दुकानापुढं उभी आणि दौलू तिला पुसत बसलेला.

आण्णांनी भिण्यासारखं खरं तर काही नव्हतं. कोरड्या रस्त्यावर दौलू इतक्या हळू हाकायचा, की मागचा टांगेवाला चाबूक न उगारता पुढं निघून जाई. वळण आलं की हा खाली उतरे, कोपऱ्यापलीकडं डोकावे, परत येऊन गाडीत बसे. कुणी हसलं तर म्हणे, “सुक्या रस्त्याचा भरवसा न्हाई गड्या. म्हशी काय सांगून आडव्या येत्यात व्हय?”

पाऊस मात्र लागला की दौलूला चेव चढे. सदरा काढून, खाकी चड्डीवर, हातात बांबू घेऊन तो गावभर हिंडायचा. पाणी साचलेल्या प्रत्येक गल्लीत शिरायचा, मध्यावर उभा राहायचा आणि ओरडून सांगायचा, “हितं गुडघा! हितं मांडी! त्या खांबाकडं जाऊ नगासा, तितं मानूस जातंय!” कुणी विचारलेलं नसे. पोरं त्याच्यामागून “हितं गुडघा” करत नाचत. बायका माडीवरून हसत. तो आपला पुढच्या गल्लीत. पाण्याला विचारल्याबिगर गाडी घालायची नाही, ही त्याची आर्डर. कुणाची म्हणून विचारलं तर म्हणे, “माजीच.”

मीही हसत असे. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगणं बरं नव्हे.

लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. श्रावणात पाऊस धरला तो सोडीना. कृष्णा चढली आणि नाल्यावाटे पाणी गावात शिरू लागलं. माझी बायको सुमन बाळंतपणाला टेकलेली. पहाटेपासून कळा सुरू झाल्या. सकाळी सुईण बाहेर आली, पदराला हात पुसत म्हणाली, “मूल आडवं आहे. माझ्या हातचं काम नाही. मिरजेला न्या.”

मिरज सहा मैल. आमच्या बोळाच्या तोंडाशी तेव्हा पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं, पुढं किती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन टांगेवाल्यांना विचारलं. एकानं आकाशाकडं पाहिलं, दुसऱ्यानं घोड्याकडं, तिसऱ्यानं माझ्याकडं पाहायचंच टाळलं. मी तसाच धोतर सावरत आण्णांच्या दुकानाकडं धावलो. आण्णा गाद्या उंचावर चढवून घेत होते. माझं अर्धं वाक्य ऐकूनच ते म्हणाले, “दौलू, घेऊन जा. गाडी बुडाली तर बुडू दे.”

दौलू तयारच होता, पण त्याची तयारी म्हणजे! बॉनेट उघडून त्यानं आतल्या तारांना बोटानं ग्रीज चोपडलं. पंख्याचा पट्टा काढून ठेवला. पुढच्या जाळीवर गोणपाट बांधलं. मागच्या धुराच्या नळीला सायकलची ट्यूब जोडून तिचं तोंड वर टपापर्यंत नेऊन बांधलं. मी पाय आपटत होतो. “अरे चल की!”

“मास्तर, घाई केली की पाणी गिळतंय.”

शेवटी गाडी बोळाच्या तोंडाशी लागली. शेजाऱ्यांनी सुमनला खुर्चीवर बसवून उचलून आणली आणि मागच्या सीटवर आडवी केली. सुईण पायांशी बसली. मीही चढलो. आणि हा इसम बांबू घेऊन खाली उतरला!

“कुठं चाललास?”

“इचारून येतो.”

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. भूगोलाच्या मास्तरला इतके शब्द येतात, हे मलाही त्या दिवशीच कळलं. दौलूनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. उजव्या बाजूनं गेला, थबकला, बांबू खाली घातला तर मुठीपर्यंत आत. मग डाव्या बाजूनं चाचपत गेला, परत आला.

“डाव्या अंगानं जायाचं. उजवीकडं गटार उघडं पडलंय.” आणि बांबू माझ्या हातात देऊन, “तुमी फुडं चला. भूगोलवालं हाय न्हवं?”

असा मी, कमरेएवढा मास्तर, मांडीएवढ्या पाण्यातून, छातीशी बांबू धरून, मोटारीच्या पुढं चालू लागलो. मागं इंजिन वाघासारखं गुरगुरत होतं. माडीच्या कठड्यावरून माझ्या वर्गातली पोरं “गुरुजी! गुरुजी!” ओरडत होती. मी जरा कचरलो की मागून गर्जना येई, “थांबू नगासा! तुमी थांबला की मी थांबतो, आन मी थांबलो की इंजान पानी पितंय!”

माझ्यावर ओरडायचा तो एक आवाज, आणि सुमनशी बोलायचा तो दुसराच. तो मला पाण्याच्या खळखळाटात तुटक ऐकू येत होता. “वैनी, इटलीत एका नदीत म्हस व्हावत आलती. तिच्या पाटीवर कोंबडा. कोंबडा काय म्हनला ठावं हाय का?” सुमन कळवळून ओरडत होती, आणि मधेच, देवाशप्पथ, हसत होती. कोंबडा काय म्हणाला ते मला कधीच ऐकू आलं नाही.

मारुती चौक मागं पडल्यावर रस्ता चढाला लागला. मी आत बसलो. मिरजेच्या अलीकडं ओढ्याचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं. दौलू थांबला, उतरला, बांबू घेतला. या वेळी मी तोंडातून अक्षर काढलं नाही. त्याच्याबरोबर पाण्यात उतरलो.

दुपारी मिरजेच्या दवाखान्यात पोट उघडून मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून ते सांगितलं. मग मी बाहेर धावलो. दौलू पोर्चमध्ये गाडीच्या फूटबोर्डावर बसून गोणपाट पिळत होता.

“मुलगी झाली, दौलतराव! दोघी बऱ्या आहेत.”

“वैनी बोलल्या का?”

“बोलली. पाणी मागितलं.”

“बोलल्या म्हंजी झालं.” त्यानं गोणपाट पुन्हा पिळलं. त्यात आता पाणी उरलं नव्हतं.  मग माझ्याकडं न पाहताच बोलू लागला.

“आमची हौसा अशीच अडली हुती, मास्तर. मी इटलीत. लोणंदला न्याया गाडी जुपली. मदी वढा. वढ्याला पानी. गाडीवान काठावर थांबला, उतरंल आता, उतरंल आता म्हनून. सांज झाली. ती बी गेली आन लेकरू बी. मला तीन म्हयन्यांनी पत्र घावलं. मी तिकडं दुसऱ्यांची जखमी मानसं गाडीत घालून नद्या वलांडत हुतो.”

मी त्याच्याशेजारी फूटबोर्डावर टेकलो.

“सुटून आलो. पुढल्या पावसात वढ्याला पानी आलं तवा त्याच गाडीवानाला काठावर उभा केला. इचारलं, एवढंच व्हतं का? एवढंच म्हनला. मग म्या आत शिरलो.” त्यानं आपल्या गुडघ्यावर तळवा ठेवला. “हितवर.”

“आणि तो गाडीवान?”

“त्येला काय बोलायचं? गढूळ पान्याचा ठाव वरनं कळत न्हाई. रडत हुता बिचारा.” दौलू उठला आणि गोणपाटाची घडी घालू लागला. “कुनीतरी आत जाऊन बघाया पायजे हुतं. एवढंच.”

सकाळी मी ज्या माणसाला शिव्या दिल्या होत्या, त्याचे दोन्ही हात मी धरले.  “आवं मास्तर, ग्रीज लागंल,” म्हणून त्यानं ते सोडवून घेतले.

सुमनला मी हौसाची ही हकिकत घरी आल्यावर सांगितली.  दिवाळीनंतर मुलीचे कान टोचायचं ठरलं. कान टोचताना लेकरू मामाच्या मांडीवर लागतं, आणि सुमनच्या पाठीला भाऊ नाही. नात्यातल्या चार जणांची नावं निघाली. “मामा ठरलाय,” एवढंच ती म्हणाली आणि स्वतः आण्णांच्या दुकानी जाऊन दौलूला बोलावून आली.

दौलू इस्त्रीची खाकी घालून आला. विहिरीवर कोपरापर्यंत हात तीनदा धुतले, चौथ्यांदा धुवायला निघाला तेव्हा सुमननं त्याला हाताला धरून पाटावर बसवलं आणि मुलगी त्याच्या मांडीवर दिली. सोनारानं तार पुढं केली. पुराच्या पाण्यात बेधडक शिरणाऱ्या त्या गड्यानं डोळे गच्च मिटून घेतले. पोर किंचाळली, तसा तोही “आई गं” म्हणाला. सगळे हसले. मग पोर हुंदके देत देत त्याच्या मांडीवरच झोपली.

पानं मांडली, उदबत्त्या लागल्या. “दौलूमामा, उठा, वाढलंय,” मी म्हणालो.

“झोपलीया,” तो म्हणाला. इतक्या हळू आवाजात त्याला बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

सगळ्यांची जेवणं उरकली तरी तो तसाच बसून. पाय वळून मुंग्या आल्या असणार. शेवटी सुमननं ताट उचलून पाटासमोर नेऊन ठेवलं. दौलू उजव्या हातानं सावकाश जेवला. डावा हात त्यानं शेवटपर्यंत पोरीच्या डोक्याखालून काढला नाही.