शेवटाआधी उठणारे सोपानकाका

आमच्या सोपानकाकांनी आयुष्यात पाच-सहाशे सिनेमे तरी पाहिले असतील, पण अगदी अलीकडपर्यंत एकाचाही शेवट पाहिलेला नव्हता. वीस वर्षांपासूनचा शेजारी म्हणून हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. सिनेमा रंगात येतो, खलनायक नायकाच्या आईला खांबाला बांधतो आणि नेमके तेव्हाच काका घड्याळ बघतात, गुडघ्यांवर हात टेकून उठतात आणि चालायला लागतात. घरी टीव्हीवर असेल तर सरळ बटण बंद. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला आमच्या दारात हजर.

"हं, सांग. पुढं काय झालं?"

सुरुवातीला हा लहरीपणा नव्हता, नाइलाज होता. काका मूळचे लातूरकडचे. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत पस्तीस वर्षं क्वालिटीला होते आणि त्यातली बहुतेक वर्षं दुसऱ्या पाळीला. काका आणि यमुनाकाकू, दोघांनाही सिनेमाचं जबर वेड. दुपारी बाराच्या खेळाला दोघं जोडीने जायची. पण अडीचला कंपनीची बस नाक्यावर यायची, म्हणजे काकांना सव्वादोनला उठणं भागच. ते डबा घेऊन बसकडे पळायचे. काकू शेवटपर्यंत बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर राहिलेला सिनेमा काकांना सांगायच्या. पुढे कंपनी पिंपरीतून चाकणला गेली, बस वीस मिनिटं आधी यायला लागली, तेव्हा काकांचा प्रत्येक सिनेमा वीस मिनिटांनी आखूड झाला. बसमध्ये कोणी शेवट सांगायला लागलं, तर हे दोन्ही कानांत बोटं घालून ओरडायचे, "गप रे! मला घरी सांगणार हाय!"

रिटायर झाल्यावर बस बंद झाली, पण उठणं चालूच राहिलं. बघण्यापेक्षा ऐकण्याची गोडी लागली होती, दुसरं काय! चार वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि शेवट सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

या कामात मी साफ नापास आहे. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "शेवटी हिरो मरतो." काका माझ्याकडे बघतच राहिले.

"हजेरी घ्यायलास का? मरतो म्हणं! कुठं मरतो, अंगावर कापडं कोणती, आई काय म्हणती, काहीच नाही?" मग स्वतःशीच पुटपुटले, "आजकालच्या सिनेमात लई मरायलेत राव. आमच्या टायमाला कोण मरत नव्हतं."

हे त्यांचं पेटंट वाक्य. आमच्या काळेवाडीच्या सोसायटीच्या ग्रुपवर ते आठवड्यातून दोनदा तरी येतं. पाण्याच्या टँकरचा निरोप आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक यांच्या मधोमध काकांचा क्वालिटी रिपोर्ट असतो. तिथे सिनेमाला चांगला-वाईट म्हणायची पद्धत नाही. 'ओके', 'रिवर्क' आणि 'रिजेक्ट', एवढ्या तीनच जाती. एका मारधाडीच्या सिनेमावर त्यांनी लिहिलं होतं, "चाळीस माणसं मारायलाय पण शर्टाची इस्त्री मोडत नाही. शर्ट ओके. हिरो रिजेक्ट." सगळ्या नायकांनी दाढ्या वाढवल्यापासून कोण कुठला हे त्यांना कळेनासं झालंय, तेव्हा प्रत्येकाच्या कपाळावर बॅच नंबर मारावा अशी त्यांची सूचना आहे. आठ भागांच्या मालिकेवर त्यांचा शेरा होता, "माल दोन भागांचा, बाकी पॅकिंग." नव्या गाण्यांवर तर विशेष राग. मुखडा संपला की गाणं संपतं आणि हे दुसऱ्या अंतऱ्याची वाट बघत बसतात. जुनी गाणी नव्या ठेक्यात आली की म्हणतात, "गंजलेल्या पार्टाला रंग मारून नवा म्हणून पाठवलाय. आम्ही असला लॉट गेटावरून परत लावायचो."

तिसऱ्या मजल्यावरचा रोहन हा या ग्रुपवरचा त्यांचा कायमचा प्रतिस्पर्धी. पोरगा हिंजवडीला आयटीत आहे, सिनेमातलं त्याला खरोखर कळतं आणि आपल्याला कळतं हेही त्याला चांगलंच कळतं. 'आमच्या टायमाला कोण मरत नव्हतं' यावर त्याने एकदा चिडून दोन भावांच्या एका जुन्या, गाजलेल्या सिनेमाचा दाखला दिला. त्यात दोघंही भाऊ मरतात, असं त्याचं म्हणणं.

काका पेटले. म्हणे, गोळी धाकट्याच्या खांद्याला चाटून जाते. थोरला त्याला बैलगाडीत घालून गावाकडे नेतो. आई ओसरीवर वाट बघत असते. विहिरीला पाणी लागलेलं असतं आणि दोघं भाऊ मिळून हरभरा पेरतात. रोहनने हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली. सगळी सोसायटी त्यात सामील झाली. दोन दिवस ज्याला त्याला 'हरभरा पेरला का' हाच प्रश्न. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

नेमका तोच सिनेमा त्या महिन्यात पुन्हा लागला. हल्ली जुने सिनेमे नव्याने झळकवायची टूम निघाली आहे, त्यात याचाही नंबर लागला. पिंपळे सौदागरच्या मॉलमध्ये, दुपारी बाराचा खेळ. काकांनी ग्रुपवर जाहीर केलं, "रविवारी फायनल इन्स्पेक्शन. या वेळी शेवटपर्यंत बसणार." आणि माझं तिकीटही काढून टाकलं.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलवर त्या सिनेमाचा शेवट शोधून बघितला. दोघं मरतात. बैलगाडी नाही, विहीर नाही, ओसरीवर वाट बघणारी आईही नाही. मग काकांनी मला आजवर सांगितलेले आणखी दोन जुने शेवट शोधले. तिथेही तेच. काकांच्या तोंडून मी ऐकलं होतं ते सगळे जण गावाकडे सुखरूप पोचलेले, आणि इथे पडद्यावर सगळ्यांचे मुडदे पडलेले. डबा तसाच उघडा राहिला. काकू नवऱ्याला तीस वर्षं आपल्या मनचे शेवट सांगत आल्या होत्या.

मला गलबलून आलं. आणि खरं सांगायचं तर काकूंचा थोडा रागही आला. कारण उद्या काका शेवटपर्यंत बसले, तर काकूंनी मागे ठेवलेले सगळे शेवट एका दुपारीत खोटे ठरणार होते, आणि ते वाचवायचं काम पुन्हा माझ्याच गळ्यात.

मी जमेल ते सगळं केलं. गुडघे दुखतील म्हटलं, एसी बाधेल म्हटलं, रविवारी त्या रस्त्याला फार ट्रॅफिक असतो म्हटलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पावणेबाराला माझ्या गाडीवर मागे बसले.

सिनेमा त्यांना तोंडपाठ होता. प्रत्येक गाण्याआधी मला कोपराने ढोसून ते "आता ऐक" म्हणत होते, आणि गाणं दोन काय, तीन अंतऱ्यांचं निघालं की माझ्याकडे विजयाने बघत होते. इतकं खूश मी त्यांना चार वर्षांत पाहिलं नव्हतं. सव्वादोन झाले. ते घड्याळ न बघताच उठले, शरीराला ती पिंपरीच्या बसची वेळ अजून माहीत होती. मी चपळाईने उभा राहिलो.

"चला काका, बस जाईल."

ते हसले. "जाऊ दे बस. तू बस." आणि परत खुर्चीत टेकले.

आधी धाकटा गेला. दहा मिनिटांनी थोरला. गोळी खांद्याला चाटून वगैरे काही गेली नाही. मी सिनेमा बघत नव्हतो, काकांच्या हातांकडे बघत होतो. ते मांडीवर नीट ठेवलेले होते आणि दिवे लागेपर्यंत हलले नाहीत.

बाहेर आल्यावर आम्ही पायऱ्यांवर बसलो. काकांचा मोबाइल वाजला. रोहनच. 'काय काका, निकाल?' काकांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'तुझं बरोबर आहे. दोघं मरतात.' आणि पाठवून दिलं. एरवी हार मानण्यातले ते नव्हेत.

"माझ्या सिनेमात इतकी वर्षं कोणी मेलंच नाही राव," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून काकूंनी..."

"ते समजलं मला. मी तिच्यावर चिडलो नाही. पण ती तर समदं बघत होती की. मी तिकडं बसमधी मित्रांसंगं खिदळत जायचो, अन् ही हितं एकटीच रडत बसायची. डोळे पुसून चालत घरी यायची. अन् सकाळी चहा देताना त्या समद्यांना जिवंत करून मला सांगायची."

आजूबाजूने पोरंसोरं पॉपकॉर्न खात चालली होती. काका त्यांच्याकडे बघत होते.

"एक खाडा करायला पाहिजे होता राव," ते म्हणाले. "एक दिवस शेवटपर्यंत बसलो असतो तिच्याजवळ. कंपनी काय बंद पडली असती?"