निळीचं पाणी

"हे बघ विल्फ, तुला फक्त दोन कामं," टोपीत पिन खोचत एल्व्हा पेंगिली म्हणाली. "पाणी उकळतं ठेवायचं आणि पुडिंग बुडलेलं ठेवायचं. पाणी कमी झालं की भर घालायची. बाकी कशालाही हात लावायचा नाही."

"अगं, तीस वर्षं बंदरावरची गव्हाची गोदामं सांभाळतोय मी. एक पुडिंग सांभाळता येणार नाही?"

"गोदामात साखर नसते," एल्व्हा म्हणाली आणि नाताळसाठी चॅपल सजवायला निघून गेली.

पुडिंग साधंसुधं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाचा पाचवा नाताळ. साखर, लोणी, चहा, सगळं कुपनांवर. पेंगिलींचा एकुलता एक मुलगा क्लेम दोन वर्षांनी न्यू गिनीच्या आघाडीवरच्या चिखलातून रजेवर येत होता, आणि त्याने एकच मागणं केलं होतं: आईच्या हातचं पुडिंग. त्यासाठी एल्व्हा कित्येक महिने बिनसाखरेचा चहा कडू तोंड करून पीत होती. तरीही साखर पुरेना, तेव्हा शेजारी धावून आले. पलीकडच्या रॉड्डाकाकांनी आपलं लोणी दिलं. शेजारच्या मिसेस ट्रेम्बॅथनी साखर आणि मनुका दिल्या, पण त्याबरोबर स्वतःलाही दिलं. पीठ कालवताना त्या परातीशी उभ्या राहून चमचे मोजत होत्या आणि एल्व्हाने बोट चाटलं तर खाकरत होत्या.

तीन घरांचं ते फडक्यात बांधलेलं गाठोडं एवढं मोठं झालं की स्वयंपाकघरातल्या एकाही भांड्यात मावेना. म्हणून ते मागच्या दारच्या धुण्याच्या खोलीत, कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात शिजत होतं.

ऑस्ट्रेलियातल्या या वॉलरूत पाऊस पडतो तो कॅलेंडरपुरता. डिसेंबरात, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, टाकीवर टिचकी मारली तर ती रिकाम्या पिंपासारखी वाजते. त्यामुळे गावात कुणी पाणी फेकत नाही. अंघोळीचं पाणी टोमॅटोला, धुण्याचं पाणी फरशीला. या बाबतीत विल्फ तर सगळ्या गल्लीच्या पुढे. हंड्यातलं पाणी उतरलं, तेव्हा टाकीचं गोडं पाणी कशाला दवडायचं, असा शहाणा विचार करून त्याने कोपऱ्यातल्या टबातलं साठवलेलं पाणी दोन बादल्या ओतलं. खोलीत वाफ इतकी की स्वतःचा हात दिसत नव्हता.

वाफ जरा विरळ झाली तेव्हा त्याने हंड्यात डोकावून पाहिलं. आत समुद्र होता. छान, स्वच्छ, निळा.

क्लेमचे पांढरे सदरे धुवायचे म्हणून एल्व्हाने सोमवारचं निळीचं पाणी राखून ठेवलं होतं.

पुडिंग बाहेर काढावं तर त्याची लापशी होणार. पाणी उपसावं तर उकळी मोडणार. तेवढ्यात त्याला आठवलं की एल्व्हा जुन्या पडद्यांना चहाचा रंग देत असे. पडदे तपकिरी होतात, मग पुडिंग का नाही? त्याने चहाचा डबा एका धुतलेल्या रुमालात उपडा केला, गाठ मारली आणि पुरचुंडी हंड्यात सोडली. ओहोटीला बंदरातल्या गाळाचा जो रंग असतो, तो हुबेहूब तयार झाला.

एल्व्हा फाटकातूनच ओरडत आली. "चहाचा वास कुठून येतोय? विल्फ! आठवड्याचा चहा वापरलास की काय?"

"छे छे," विल्फ घाईने म्हणाला. "महिन्याचा."

मग त्याने सगळं सांगून टाकलं. एल्व्हा रागावली असती तर बरं झालं असतं. ती उपड्या बादलीवर बसली आणि रडायला लागली. "दोन वर्षं मनात एकच घोळवतेय रे मी. पोरगं परत आलं की त्याच्यापुढे काय वाढायचं. आता काय, हे गटारातलं गाठोडं?"

विल्फने पुडिंग बाहेर काढलं, फडकं सोडलं आणि सुरीचं टोक आत खुपसलं. "एल्व्हा, इकडे बघ! नुसती सालच निळी आहे. आत एकदम ब्येस!"

दोघांनी मिळून बटाट्याच्या सालीसारखी पुडिंगची निळी साल काढली. आतला गोळा तपकिरी, घमघमीत निघाला, मात्र चांगलाच रोडावलेला. सालींचं ताट विल्फने खोलीतल्या फळीवर झाकून ठेवलं. साखर घातलेली वस्तू फेकायचा धीर कुणाला होणार? उद्या कोंबड्या खातील, असं ठरलं.

संध्याकाळी क्लेम आला. वाळलेला, मलेरियाच्या गोळ्यांनी हळदीसारखा पिवळा, पण हसरा. त्याला बघायला धुण्याच्या खोलीतून, मागच्या दाराने माणसांची ये-जा चालू राहिली.

नाताळच्या सकाळी विल्फने कोंबड्यांसाठी ताट उघडलं, तर आत सालीचे दोनच तुकडे उरलेले.

"सगळं तू खाल्लंस?" एल्व्हाने ओठ न हलवताच विचारलं.

"देवाशप्पथ नाही! एकच खाल्ला. फार तर दोन."

"जीभ बघू."

जीभ निळी होती. साबण, मीठ, राख सगळं लावून पाहिलं. रंग हटेना.

"आज तोंड उघडायचं नाही," एल्व्हाने बजावलं. "ट्रेम्बॅथबाईंनी पाहिलं तर गावभर करतील."

त्यामुळे चॅपलमध्ये विल्फ, ज्याच्या आवाजाने खिडक्या थरथरत, तो नुसती मान डोलवत उभा राहिला. नवल म्हणजे मिसेस ट्रेम्बॅथही गप्प होत्या. तोंडाला रुमाल लावून बसल्या होत्या. दाढ दुखत असेल, असं सगळ्यांना वाटलं.

दुपारी उन्हाने पत्रे कडकडत असताना तिन्ही घरांची पंगत बसली. एल्व्हाने पुडिंग आणून ठेवलं. रुमालाआडून मिसेस ट्रेम्बॅथचे डोळे बारीक झाले.

"एल्व्हा, एवढंसं? मी स्वतः गाठोडं बांधताना पाहिलंय."

"शिजून आटलं असेल," एल्व्हा पुटपुटली.

"पुडिंग फुगतं, आटत नाही! कुणी कापून घेतलंय ते सरळ सांगा की."

एल्व्हाचा चेहरा उतरला. विल्फने बायकोच्या बाजूने बोलायला तोंड उघडलं आणि झटकन मिटलं. क्लेमने हातातला चमचा खाली ठेवला. "म्हणजे माझ्या आईने चोरलं म्हणता?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही! पण माझी साखर, माझ्या मनुका..." भांडणाच्या भरात बाईंच्या हातातला रुमाल गळून पडला.

बाईंची जीभ जांभळ्याकडे झुकणारी, दाट निळी होती. दोन तुकड्यांत असा रंग चढत नाही.

रॉड्डाकाकांनी चष्मा पुसला. "एल्व्हा, तुझ्या खुराड्यामागे तो निळ्या जिभेचा सरडा राहायचा ना? तो आज जेवायला आलाय वाटतं." आणि स्वतःच्याच विनोदावर ते बोळकं पसरून खदखदले. बोळकं आतून आकाशासारखं होतं.

आता विल्फला आवरेना. त्याने आपली निळी जीभ काढून दाखवली आणि सगळी कथा सांगितली. मिसेस ट्रेम्बॅथ आधी लाल झाल्या, मग हसता हसता रडायला लागल्या. "काल वाडगा घ्यायला आले होते गं. ताट दिसलं. निळा कसला, हिरवा असता तरी खाल्ला असता! किती महिन्यांनी गोड लागलं तोंडाला."

क्लेम तर खुर्चीवरून घसरायचा बाकी होता. हसता हसता तो मध्येच थांबला. आई सकाळपासून ओठ घट्ट मिटून बोलत होती, आणि आताही तशीच हसत होती.

"आई," तो म्हणाला, "जरा तोंड उघड बघू."

"कस्टर्ड करपतंय वाटतं," ओठ न हलवता एल्व्हा म्हणाली आणि लगबगीने आत गेली.

कस्टर्ड टेबलावरच होतं.