सासूबाईंच्या लाँड्रीतला हिरवा बल्ब

"आई, तुम्ही फक्त कपड्यांचं बघा. आगीचं माझ्यावर सोडा! तुमच्या लाँड्रीत चुकून आग लागलीच, तर ती माफी मागून आल्या पावली परत जाईल!"

जावईबापू हे म्हणाले तेव्हा सासूबाई चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं पातेल्यावर आपटलं, कप पुढे केला आणि म्हणाल्या, "बरं. पण नळ गळता कामा नयेत."

नळ! सगळं दुखणं तिथेच तर होतं. जावईबापूंचं काम स्प्रिंकलरचं. छताखालून पाइप न्यायचे आणि त्यांना मापात अंतर सोडून फवारे बसवायचे. आग लागली की तिच्या डोक्यावरचा फवारा आपोआप उघडतो आणि तिला जागच्या जागी गार करतो. त्यासाठी नकाशे काढायचे, पाण्याच्या दाबाची गणितं करायची, उशीएवढ्या जाड नियमावल्या कोळून प्यायच्या. लग्न ठरलं तेव्हाच त्यांनी हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. सासूबाईंनी मन लावून ऐकलं आणि शेजारणीला सांगितलं, "मुलगा चांगला आहे हो. नळाची कामं करतो."

त्यात थोरले जावई दातांचे डॉक्टर. त्यांची ओळख करून देताना सासूबाईंचा आवाज चार घरं पलीकडे जायचा. धाकट्यांची ओळख करून द्यायची वेळ आली की त्यांना नेमकं गॅसवर ठेवलेलं काहीतरी आठवायचं.

जावईबापूंनी मग पणच केला. सासरच्या एकाही नळाला हात लावायचा नाही! न्हाणीघरातला नळ वर्षानुवर्षं टपटपत होता. जावईबापू त्याच्या शेजारी उभं राहून हात धुवायचे आणि मान ताठ ठेवून बाहेर यायचे.

आणि आता सासूबाई नोकरीतून मोकळ्या होऊन लाँड्री काढत होत्या. मोठ्या इमारतीत तळमजल्यावरचा गाळा, नवी कोरी मशिनं, दारावर पाटी, सगळं झालं होतं. फक्त अग्निशमन खात्याचा दाखला हातात आल्याशिवाय शटर उघडता येत नव्हतं. आणि हे काम काही दातांच्या डॉक्टरांना जमणारं नव्हतं!

"या वेळी मला जावई म्हणून नाही, तज्ज्ञ म्हणून बोलावलंय," त्यांनी बायकोला सांगितलं. "एकदा का दाखला मिळाला, की तुझी आई जन्मात पुन्हा नळ हा शब्द काढणार नाही."

"जपून रे," बायको म्हणाली. "आई हो हो म्हणायला लागली, की समज, तिला काहीतरी बदलून हवंय."

पण जावईबापू तोवर गाळ्यावर पोचलेही होते.

पहिल्याच दिवशी सासूबाईंनी मूळ प्रश्नाला हात घातला. "एक सांगा. सिनेमात कोणीतरी काडी ओढतं आणि अख्ख्या हॉटेलात पाऊस पडतो. इथे कोणी काडी ओढली, तर माझ्या गिऱ्हाइकांचे सगळे कपडे भिजणार का?"

"आई, सिनेमावाल्यांना काय कळतंय!" जावईबापूंना हा प्रश्न फार आवडायचा. "हे बघा, प्रत्येक फवाऱ्याच्या तोंडात काचेचा इवलासा बल्ब असतो. ज्याला आच लागेल तोच फुटेल. बाकीचे ढिम्म! एकच फुटतो, आई. लिहून देतो!"

"बरं. मग ही फळी छतापर्यंत नेऊ?"

"अजिबात नाही! फवाऱ्याखाली हात-दीड हात मोकळं हवं. नाहीतर पाणी कपड्यांच्या गठ्ठ्यावर आपटेल आणि आग पलीकडे मजेत बसेल."

"बरं. आणि भिंतीवरचं हे लाल चाक? किती कुरूप आहे!"

"ते चाक म्हणजे मुख्य व्हॉल्व्ह. पाणी बंद करायचं ते तिथूनच. त्याच्यासमोर काही म्हणजे काही ठेवायचं नाही."

"हो हो," सासूबाई म्हणाल्या.

इतकं सरळ चाललेलं पाहून जावईबापूंची छाती फुगली. फिटर शिडीवर चढला, पाइप गेले, फवारे लागले. सगळ्यांत लाल बल्ब. फक्त इस्त्रीच्या मोठ्या वाफेच्या यंत्रावर, गाळ्याच्या मधोमध, एक हिरवा.

सासूबाई खाली उभ्या राहून बराच वेळ वर बघत होत्या. "जावईबापू, हा एकटाच हिरवा का?"

"लाल अडुसष्ट अंशांना फुटतो, हिरवा त्र्याण्णवला. खाली वाफ येणार ना? तिथे लाल लावला तर आग नसतानाच फुटेल."

"ते झालं. पण शर्टाला एक बटण वेगळं लावल्यासारखं दिसतंय हो. मी लाँड्रीवाली! उद्या लोक म्हणतील, हिला स्वतःच्या छताची बटणं जुळवता येत नाहीत, ही आमच्या शर्टांचं काय करणार?"

"आई, नियम म्हणजे नियम."

"हो हो. तुम्ही म्हणाल तसं. यातलं मला काय कळतंय? तज्ज्ञ तुम्ही." सासूबाईंनी पदर सारखा केला. "तुमच्यासारख्या हुशार माणसाला यातून काही वाट काढता आली असती, असं उगाच वाटलं मला. जाऊ दे."

तज्ज्ञ! वर हुशार! इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली, ते दोन्ही एकाच दमात! हरभऱ्याच्या झाडावर जावईबापू असे भराभर चढले, की फिटरची शिडी लागली नाही. बायकोचं बोलणं त्यांना आठवलंसुद्धा नाही.

"वाट? वाट आहे की!" ते म्हणाले. "यंत्रच त्या टोकाच्या कोपऱ्यात ठेवू, वाफ बाहेर टाकणाऱ्या पंख्याखाली. मग मधे लाल चालेल. पण आई, यंत्र कोपऱ्यातून हलवायचं नाही हं!"

"हो हो."

फिटर शिडीवरून म्हणाला, "साहेब, नकाशात हिरवा आहे."

"नकाशा कोणी काढला?"

"तुम्ही."

"मग!"

फिटरनं खांदे उडवले आणि लाल लावला. सासूबाईंनी छताकडे समाधानानं पाहिलं. त्या दिवशी जावईबापूंना चहाबरोबर न मागता दुसरा कप मिळाला.

तपासणीच्या दिवशी जावईबापू कडक इस्त्रीचा शर्ट घालून गाळ्यावर हजर झाले, पण त्यांना यायला जरा उशीरच झाला. खात्याचे अधिकारी आधीच आले होते. उंच, सडपातळ, गणवेशाचा कोट घातलेला माणूस. बोलणं एकाच शब्दाचं. "हं." आनंद झाला तरी हं, राग आला तरी हं! जावईबापू त्यांच्यापुढे असे उभे राहिले, जसे थोरले जावई पेशंटपुढे उभे राहत असतील.

गडबडीत त्यांनी इकडेतिकडे पाहिलंच नाही, आणि तिथेच घात झाला. सासूबाईंनी आदल्या दिवशी यंत्र कोपऱ्यातून ओढून पुन्हा मधोमध आणलं होतं. का? तर गिऱ्हाइकाला दारातून आल्या आल्या मशीन दिसलं पाहिजे! फवारा लाल झाला म्हणजे प्रश्न मिटला, अशी त्यांची समजूत. आणि हलवायचं नाही म्हटलं होतं, त्याचं काय? त्यांच्या मते ती अट यंत्र नवं होतं तेवढ्यापुरती.

"साहेब, तुमची कॉलर किती चुरगळलीय!" सासूबाईंना कोणाचीही चुरगळलेली कॉलर बघवत नसे. "काढा तो कोट. तुमचं मोजून होईपर्यंत देते करून."

"हं," साहेब म्हणाले आणि कोट देऊन जावईबापूंबरोबर मागच्या खोलीत फळ्या बघायला गेले.

फळ्या उत्तम होत्या. हात-दीड हाताची जागा चोख होती. साहेबांनी टेप लावली आणि म्हणाले, "हं. छान."

छान! जावईबापूंना वाटलं, आता थोरल्या जावयांना फोन करावा आणि नुसतं हं म्हणून ठेवावा. तेवढ्यात बाहेरून भुस्स असा आवाज आला. मग पुन्हा भुस्स. त्यांच्या कपाळावर आठी आली. आवाज कोपऱ्यातून यायला हवा होता. तो मधून येत होता!

ते धावत बाहेर आले. कोट सरकारी आहे म्हणून सासूबाई वाफेवर वाफ सोडत होत्या. पांढरा ढग सरळ वर चढून लाल बल्बाला मिठी मारत होता.

"आई! बंद करा! बंद!"

"थांबा हो, एकच बाही राहिलीय!"

फट्!

पुढचं सांगायला वेळ लागतोय, घडायला लागला नाही. आधी पाणी आलं ते काळं. महिनाभर पाइपात मुरलेलं, वंगणाच्या वासाचं, डांबरासारखं. ते कोटावर पडलं, यंत्रावर पडलं, सासूबाईंच्या डोक्यावर पडलं. मग आलं स्वच्छ पाणी, आणि त्यानं काळं पाणी सगळीकडे व्यवस्थित पसरवलं. दारावरची धोक्याची घंटा ठणाणा करू लागली. अख्ख्या इमारतीतली माणसं जिने उतरून रस्त्यावर आली.

आणि जावईबापू? त्यांनी त्या धबधब्यात उभं राहून वर बोट केलं आणि ओरडले, "पाहिलंत आई? एकच फुटला! सांगितलं होतं ना, एकच फुटतो!"

"अहो, बंद करा ते आधी!" सासूबाई किंचाळल्या.

"व्हॉल्व्ह कुठे आहे?" साहेब पहिल्यांदाच अख्खं वाक्य बोलले.

"हा काय, इथे..." जावईबापू वळले. भिंतीवर लाल चाक नव्हतं. तिथे कपाट होतं. भलंमोठं, नवंकोरं, हँगरांनी गच्च भरलेलं.

"ते चाक फारच कुरूप दिसत होतं हो!" पाण्यातून सासूबाईंचा आवाज आला.

साहेब एका बाजूनं आणि जावईबापू दुसऱ्या बाजूनं कपाट ढकलू लागले. दार उघडलं आणि आतले सगळे हँगर दोघांच्या अंगावर कोसळले. शेवटी एक हँगर कानाला, एक कॉलरला, अशा अवतारात जावईबापूंचा हात चाकाला लागला. पाणी थांबलं. घंटा थांबली. गाळ्यात घोट्याएवढं तळं साचलं होतं आणि त्यात साहेबांचा कोट तरंगत होता.

साहेबांनी छताकडे पाहिलं, मग यंत्राकडे, मग जावईबापूंकडे.

"वाफेच्या वर लाल बल्ब कोणाच्या डोक्यातून आला?"

जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं. खरं म्हणजे सांगण्यासारखं खूप होतं. यंत्र कोणी हलवलं, कपाट कोणी ठेवलं, बटणं कोणाला जुळवायची होती! समोर सासूबाई उभ्या होत्या. केसांतून काळे ओघळ, हातात यंत्राचं हँडल. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच जावयाकडे घाबरून बघत होत्या. ते पाहून जावईबापूंना फार वाईट वाटलं.

"माझ्या," ते म्हणाले. "नकाशात हिरवाच होता. मी बदलला. चूक माझी आहे, साहेब."

"हं," साहेब म्हणाले. यंत्र किंवा कपाट यांबद्दल त्यांनी पुढे काही विचारलं नाही. "यंत्रणा चांगली चालते. घंटा वाजते, दाब उत्तम आहे, आणि एकच फुटतो हेही दिसलं. पण दाखला आज नाही. हिरवा लावा, कपाट हलवा, मग बोलवा."

आणि कोटाकडे बघून म्हणाले, "हाही तेव्हाच नेईन."

साहेब गेल्यावर दोघं ओले जीव एकमेकांकडे न बघता पाणी उपसू लागले. थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, "लाल लावा म्हणून मी मागे लागले होते. साहेबांना सांगायचं होतं की."

"लावला मी, आई. मला 'नाही' म्हणता आलं असतं."

"हं," सासूबाई म्हणाल्या.

हिरवा लागला. कपाट मागच्या खोलीत गेलं. साहेब पुन्हा आले, चाक फिरवून पाहिलं, दाखल्यावर सही केली आणि धुतलेला, कडक इस्त्रीचा कोट अंगात घातला. लाँड्रीचं पहिलं गिऱ्हाईक तेच!

दुकान उघडलं त्या दिवशी सगळे नातेवाईक आले. कोणीतरी वर बघून विचारलं, "हा एकटाच हिरवा कसा काय?"

सासूबाईंचा आवाज चार दुकानं पलीकडे गेला. "तो हिरवाच लागतो! लाल अडुसष्टला फुटतो. आमच्या धाकट्या जावयांना विचारा. आगीचे तज्ज्ञ आहेत!" गॅसवर ठेवलेलं काही त्यांना आठवलं नाही. जावईबापूंचे डोळे भरून आले. दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्याशी हात मिळवला. बायको नुसती हसली.

समारंभ आटोपून सगळे घरी आले. जावईबापू सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच सासूबाई चहाचा कप घेऊन आल्या आणि इतक्या अदबीनं उभ्या राहिल्या, की ते घाईघाईनं उठलेच.

"तुमच्यासारख्या तज्ज्ञाला सांगणं बरं दिसत नाही, जावईबापू. पण पाण्यातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं? न्हाणीघरातला तो नळ..."

बायकोनं तोंडाला रुमाल लावला. जावईबापूंनी क्षणभर आपल्या पणाचा विचार केला. मग घड्याळ काढून ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि तज्ज्ञाला शोभेल अशा आवाजात विचारलं, "आधी पाणी बंद करावं लागेल, आई. घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे?"

"तो होय?" सासूबाई म्हणाल्या. "कपाटामागे."