अकरा मिनिटं रफूकाम, शंभर एमबी

शनिवार, १४ मार्च. सकाळी आठ वाजता तापमान २९ अंश. आकाश निरभ्र, वारा अजिबात नाही. (वारा नसणं पुढे फार महत्त्वाचं ठरलं, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.)

त्या सकाळी मी एक छोटासा निर्णय घेतला. मेहुण्याला बोलवायचं नाही.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, लग्नाचे व्हिडिओ काढतो. त्याला बोलावलं असतं तर काम अर्ध्या तासात आटोपलं असतं आणि मग पुढची दहा वर्षं त्या अर्ध्या तासाबद्दल ऐकावं लागलं असतं. शिवाय मी पाणीपुरवठा खात्यात नोंदणी कारकून आहे. सव्वीस वर्षं टाकीची पातळी रोज लिहितो, एकदाही खाडाखोड नाही. असा माणूस स्वतःच्या बायकोचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ वेबसाइटवर चढवू शकणार नाही?

बायको रफूकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल आहे आणि बावीस वर्षं ती तिथे बसून लोकांच्या कोटांची, शालींची भोकं नाहीशी करते. गिऱ्हाईक कपडा हातात घेऊन भोक कुठे होतं ते शोधत बसतं आणि न सापडल्यामुळे जरा नाराज होऊनच घरी जातं. आता जुन्या वस्त्रांच्या संग्रहालयाला रफू शिकवणारी शिक्षिका हवी होती. अर्जासोबत एका भोकाचं रफू सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता, चित्रित करून पाठवायचं. अट एकच: फाइल शंभर एमबीच्या आत. मुदत रविवारी संध्याकाळी सहापर्यंत.

बायकोनं आयुष्यात कशासाठीही अर्ज केला नव्हता. (माझ्याशी लग्न करतानासुद्धा अर्ज आमच्याच बाजूनं गेला होता.) हा अर्ज तिनं चार वेळा कच्चा लिहिला आणि मग पक्का केला. त्यामुळे जबाबदारी मोठी होती.

चित्रण झकास झालं. माझ्या जुन्या डायऱ्यांची चळत करून तिच्यावर मोबाइल उभा केला. पंखा टकटक वाजतो म्हणून बंद केला. बायको टेबलाशी बसली, मी मोबाइलच्या मागे. तिनं करड्या लोकरी कापडावरचं भोक घेतलं आणि अकरा मिनिटांत नाहीसं केलं. शेजारच्या खोलीत सासूबाईंनी खोकला दाबून धरला. (त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि त्या विश्रांतीला आमच्याकडे आल्या होत्या. विश्रांती आम्हाला मिळाली नाही.)

फाइल निघाली एक हजार तीनशे चाळीस एमबीची.

"म्हणजे तेरा पट जास्त," मी म्हणालो.

"मग?" बायको म्हणाली. "दादाला फोन करू?" (धाकट्या भावाला ती लाडानं दादा म्हणते. मी म्हणत नाही.)

"काही गरज नाही. फाइल बारीक करायची असते. त्याचं शास्त्र आहे."

शास्त्रासाठी मेहुण्यालाच फोन करावा लागला, पण मी तो गॅलरीत जाऊन केला.

"भाऊजी, सोपं आहे," तो म्हणाला. "तीन गोष्टी असतात. वेग, दर्जा आणि साइझ. त्यातल्या दोन मागा, तिसरी सोडा. मी येऊ का?"

"नको. मला तिन्ही पाहिजेत."

"तिन्ही कुणालाच मिळत नाहीत हो."

"बघू," मी म्हणालो आणि नवी वही काढली.

त्यानं एक मोफत प्रोग्राम सांगितला. त्यात वेगाच्या पायऱ्या होत्या, अतिजलदपासून अतिसावकाशपर्यंत. दर्जाला एक आकडा होता. गंमत अशी की आकडा जितका लहान, तितका दर्जा चांगला.

"म्हणजे शून्य मिळालं की पहिला नंबर?" सासूबाईंनी विचारलं. "तुमच्या शाळेत असं असतं तर तुम्ही फार पुढे गेला असता, जावईबापू."

मी वहीत रकाने आखले.

सबंध व्हिडिओवर प्रयोग करायचे तर प्रत्येकाला तासन्‌तास लागणार. म्हणून दहा सेकंदांचा नमुना कापून घेतला. नमुना कुठला घ्यावा, याबद्दल मला क्षणभरही शंका आली नाही. आमच्या खात्याची पद्धत आहे: नोंद नेहमी पहाटेची पहिली घ्यायची. तेव्हा नळ उघडलेले नसतात, पाणी स्थिर असतं, आकडा शुद्ध मिळतो. त्याप्रमाणे मी व्हिडिओतले पहिले दहा सेकंद घेतले. त्यात बायको हात जुळवून स्वस्थ बसली आहे आणि माझ्या "हं, कर सुरू"ची वाट बघते आहे.

शनिवारचा उरलेला दिवस आणि रविवारची सकाळ मिळून सत्तावीस प्रयोग झाले. खरं सांगतो, मला इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती. तोच दर्जा, पण वेग सावकाश केला की फाइल बारीक व्हायची! असं का व्हावं? न राहवून पुन्हा गॅलरीत गेलो.

"भाऊजी, ते मशीन प्रत्येक चित्र नव्यानं लिहीत नाही," मेहुणा म्हणाला. "आधीच्या चित्रात जे होतं आणि हललं नाही, तिथे फक्त 'आधीसारखंच' असं लिहितं. हललं तेवढंच पुन्हा लिहायचं. सावकाश ठेवलं की ते नीट शोधतं, कुठे कुठे 'आधीसारखंच' लिहून भागेल ते."

मी थक्क झालो. हा तर माझ्याच खात्यातला माणूस निघाला! टाकीची पातळी बदलली नाही की मीसुद्धा 'वरीलप्रमाणे' लिहितो. एकदा सलग एकोणीस दिवस 'वरीलप्रमाणे' लिहिलं होतं. (विसाव्या दिवशी कळलं की काटा अडकला होता.) मी कॉम्प्युटरकडे आपुलकीनं पाहिलं. बायकोकडे त्या दोन दिवसांत इतक्या आपुलकीनं पाहिलं नसावं, कारण ती म्हणाली, "जेवायचं त्याच्यासोबतच आहे का?"

सत्ताविसाव्या प्रयोगात वेग अतिसावकाश, दर्जाचा आकडा १८, दहा सेकंदांचे एक पूर्णांक चार एमबी. सहासष्टनं गुणलं: ब्याण्णव पूर्णांक चार. शंभरच्या आत, आणि दर्जा असा की बायकोच्या मनगटावरचा तीळ मोजून घ्यावा. तिन्ही गोष्टी साधल्या होत्या. वेग तेवढा नव्हता, पण वेळ भरपूर होता.

रविवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सबंध व्हिडिओ लावला. अंदाजे वेळ: दोन तास चाळीस मिनिटं. लागले तीन तास पंधरा मिनिटं, कारण कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीतून येणारी गरम हवा फुकट जाते हे पाहून सासूबाईंनी तिथे आपले चार धुतलेले रुमाल वाळत घातले होते.

"आई, त्यानं त्याला धाप लागते!"

"रुमाल मात्र कसे खडखडीत वाळलेत बघा."

एक वाजून वीस मिनिटांनी फाइल तयार झाली. दोनशे एकतीस एमबी.

मी गुणाकार पुन्हा केला. मग कॅल्क्युलेटरवर केला. मग बायकोला करायला लावला. ब्याण्णव पूर्णांक चारच येत होते.

"अहो, दादाला..."

"अजून चार तास चाळीस मिनिटं आहेत," मी म्हणालो. दर्जाचा आकडा २४ केला आणि पुन्हा अतिसावकाश लावला. रुमाल काढले. बायकोनं त्या वेळात एका कोटाचं अस्तर उसवलं आणि पुन्हा शिवलं. ती काळजीत असली की असं करते. चार वाजता फाइल आली. एकशे अठ्ठावीस एमबी.

आता दोन तास उरले होते आणि सावकाशीची चैन परवडणार नव्हती. वेग अतिजलद, आकडा ३०. नऊ मिनिटांत फाइल तयार, आणि शहाण्णव एमबी! मी जवळजवळ ओरडलोच. तिघं पडद्यासमोर बसलो.

व्हिडिओत एक बाई बसली होती. तिच्या हातात ओल्या कापसासारखं काहीतरी होतं. ती बोटं हलवत होती, पण सुई कुठे नव्हती, दोरा कुठे नव्हता, आणि करड्या कापडाची वीण तर धुक्यात विरघळली होती. भोकसुद्धा दिसत नव्हतं. नसलेलं भोक अकरा मिनिटं नाहीसं होत होतं.

"सुईचा एक टाका दिसत नाही," बायको म्हणाली. "बावीस वर्षं मी काम दिसू नये म्हणून धडपडले. इथे एकदाच दिसायला हवं होतं."

"निदान शंभराच्या आत..."

"नका पाठवू. न पाठवलेलं बरं. हे बघून ते म्हणतील, बाईला सुई धरता येत नाही."

ती उठून खिडकीशी गेली. माझ्या वहीत सत्तावीस प्रयोग होते, रकाने सरळ होते, आकड्यांखाली दुहेरी रेघा होत्या. मी ती मिटली. बायकोकडे बघायची हिंमत होईना म्हणून पडद्याकडेच बघत राहिलो.

तेवढ्यात सासूबाई नव्या डोळ्यांनी पडद्याच्या अगदी जवळ आल्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही आरशात नाचताय का हो?"

"कुठल्या आरशात?"

"हा काय! कपाटाच्या!"

बायकोच्या मागे, डाव्या हाताला, गिऱ्हाइकांना कपडा घालून बघता यावा म्हणून ठेवलेलं आरशाचं कपाट आहे. त्या आरशात, डोक्यापासून पायापर्यंत, मी होतो. बारीक चौकड्यांचा शर्ट घालून. पंखा बंद, वारा नाही, म्हणून हातात फाइलचं पुठ्ठ्याचं कव्हर घेऊन जोरजोरात वारा घेत होतो. एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होतो. दर मिनिटाला बोटं वर करून बायकोला वेळ दाखवत होतो. (ती एकदाही वर बघत नव्हती.) सहाव्या मिनिटाला घाम पुसला. आठव्या मिनिटाला कौतुकानं मान डोलावली, ती नवव्या मिनिटापर्यंत. दोन दिवस मी तिच्या हातांकडे इतकं निरखून पाहिलं होतं की स्वतःकडे पाहायचं राहूनच गेलं.

"आणि सुरुवातीला?" बायकोनं विचारलं. ती खिडकीपासून परत आली होती.

पहिले दहा सेकंद लावले. आरशात मी श्वास रोखून पुतळ्यासारखा उभा. पाणी स्थिर. नळ उघडलेले नव्हते.

"म्हणजे ते मशीन," बायको सावकाश म्हणाली, "अकरा मिनिटं माझे हात लिहायचं सोडून..."

"चौकड्या लिहीत होतं," मी म्हणालो.

"प्रत्येक चौकडी?"

"प्रत्येक. दर हेलकाव्याला नव्यानं."

सासूबाई हसता हसता खोकल्या. आदल्या दिवशीचा दाबलेला खोकलाही त्यातच निघाला. बायको आधी हसली नाही, तिनं खुर्ची ओढली, मला सरकवलं आणि विचारलं, "यात कापायचं कुठे असतं?"

प्रोग्राममध्ये चौकट लहान करायची सोय होती. तिनं डाव्या बाजूची रेघ धरली आणि उजवीकडे ओढत आणली. कापडाच्या कडेला कात्री लावताना तिचा हात असतो तसाच. आधी आरशाची कड गेली, मग माझा वारा घेणारा हात, मग शर्ट, मग उरलेला मी.

"इथवर पुरे?" मी विचारलं.

"कोपर राहिलंय," ती म्हणाली आणि तेही काढलं.

वेग मधला ठेवला, दर्जाचा आकडा २२. पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ कुणी काही वाळत घातलं नाही. एक्काहत्तर एमबी. पडद्यावर सुई दिसली, दोरा दिसला, उभे आणि आडवे धागे एकमेकांत शिरताना दिसले आणि दहाव्या मिनिटाला भोक खरोखर नाहीसं झालं. बायकोनं तो भाग दोनदा पाहिला. पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी फाइल वेबसाइटवर चढली आणि 'अर्ज मिळाला' असं आलं.

सोमवार, १६ मार्च. सकाळी २८ अंश, मंद वारा. कचेरीतून आल्यावर निव्वळ उत्सुकतेपोटी न कापलेला व्हिडिओ त्याच वेगावर आणि त्याच आकड्यावर एकदा लावून पाहिला. माझ्यासकट एकशे एकोणचाळीस एमबी. माझ्यावाचून एक्काहत्तर.

शुक्रवार, २७ मार्च. सकाळी ३१ अंश, वारा नाही. संग्रहालयाचं पत्र आलं. बायकोची निवड झाली. एक तारखेपासून रुजू व्हायचं आणि त्याआधी पहिला धडा घरूनच चित्रित करून पाठवायचा, पुन्हा शंभर एमबीच्या आत.

रविवार, २९ मार्च. सकाळी ३१ अंश, वारा नाही. धड्याचं चित्रण सकाळी सव्वादहाला सुरू झालं. मोबाइलचं बटण सासूबाईंनी दाबलं. मी गॅलरीत होतो, दाराला आतून कडी होती. चित्रण अकरा मिनिटं चार सेकंद. फाइल पहिल्याच खेपेला अठ्ठेचाळीस एमबी. कडी साडेबाराला काढली.