काड्यापेटीच्या लेबलाचं जॉइंट इन्स्पेक्शन

आमच्या मजल्यावरच्या वाघचौरेकाकांना लग्नपत्रिका द्यायला गेलं, तर लग्न कुणाचं हे ते विचारत नाहीत. पत्रिका खिडकीच्या उजेडात धरतात, चारही कोपरे चाचपतात आणि सांगतात, "घडी तिरकी बसलीय. बी ग्रेड." नवऱ्यामुलाचा बाप हसावं की रडावं या विचारात जिना उतरतो.

काका चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. रिटायर झाले, सवय मात्र सुटली नाही. आता ते चिखलीत घरी बसून काड्यापेट्यांवरची जुनी लेबलं विकतात. विकतात म्हणजे, विकायला काढतात. गिऱ्हाइकाचा फोन आला की लेबलाची तारीफ राहिली बाजूला, त्याची दुखणीच सांगत सुटतात. "लेबलावरच्या वाघाच्या शेपटीला कसर लागलीय. कडेला तेलाचा डाग. तुम्ही रविवारी या, जॉइंट इन्स्पेक्शन करू."

कंपनीत माल नापास झाला की पुरवठादाराला बोलावून दोघांनी मिळून तो तपासायचा, त्याचं हे नाव. पण बोटभर कागदासाठी? तरी माणसं येतात बिचारी. काका त्यांना भिंग देतात, चहा देतात, पोहे देतात, पुन्हा भिंग देतात. "ओके म्हणायची घाई नको राव!" दुपारपर्यंत गिऱ्हाईक इतकं गोंधळतं की आपण लेबल घ्यायला आलो होतो हेच विसरून जातं.

हा कसला धंदा, मला कळेना. शेवटी एका शनिवारी मीच त्यांच्या वाघाचा झकास फोटो काढला आणि डाग-बिग सगळं लिहून नेटवर टाकला. संध्याकाळी नागपूरच्या एका गृहस्थांचा निरोप आला, पसंत आहे, कुरिअर करा. मी उड्या मारतच काकांकडे गेलो.

काका उद्यासाठी पोहे निवडत बसले होते. निरोप ऐकून त्यांचा हात थांबला.

"म्हणजे तो येणार नाही?"

"कशाला येईल काका? फोटोत बघितलं की त्याने."

त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मी गडबडलो. "किंमत कमी झाली का?"

"किंमत ठीक आहे रे." ते ताटातले पोहे उगाच पसरत राहिले. "रविवारी कुणी आलं की घरात जरा बोलणं होतं."

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "नागपूरवाल्यांना थांबायला सांगतो. मलाही तो डाग नीट दिसला नव्हता. उद्या सकाळी येऊ का बघायला?"

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "दहाच्या आत ये," म्हणाले, आणि डब्यातून आणखी दोन मुठी पोहे ताटात ओतले.